श्वसनसाहाय्य, अनाक्रमक : चिरकारी फुप्फुसविकारांतील उपयोगाचा इतिहास

श्वासनालात नळी न घालता किंवा गळ्याला छेद न देता, शरीराच्या बाहेरून अथवा नाकातोंडावर बसविलेल्या घट्ट मुखवट्यातून यंत्राच्या दाबाने रुग्णाच्या श्वसनास मदत करण्याच्या पद्धतीस ‘अनाक्रमक श्वसनसाहाय्य’ असे म्हणतात. रुग्णालयांत ती ‘एनआयव्ही’ या आद्याक्षरांनी, तर बोलण्यात एका यंत्राच्या व्यापारी नावावरून ‘बायपॅप’ म्हणून ओळखली जाते. पक्षाघात, स्नायूंचे रोग, झोपेतील श्वासरोध, हृदयविकारामुळे फुप्फुसांत पाणी साठणे अशा अनेक विकारांत ती वापरतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः चिरकारी अवरोधी फुप्फुसविकारातील तिच्या उपयोगाचा इतिहास दिला आहे. या रोगातच तिचा लाभ सर्वांत निर्णायकपणे सिद्ध झाला. मात्र त्यासाठी जी साधने लागतात त्यांतील बहुतेक १९४० पूर्वीच हाती होती. ती कोणाला, केव्हा आणि किती दाबाने लावावयाची हे कळण्यास आणखी अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

चिरकारी अवरोधी फुप्फुसविकारात चिरकारी श्वासनलिकाशोथ आणि वातस्फीती (वायुकोशांच्या भित्ती नष्ट होऊन ते फुगणे) या दोन्हींचा समावेश होतो. अरुंद झालेल्या श्वासनलिकांतून श्वास पुरता बाहेर पडत नाही. प्रत्येक उच्छ्वासाअखेर काही हवा आत अडकून राहते, छाती पिंपासारखी फुगते आणि घुमटाकार मध्यपटल सपाट होते. सपाट मध्यपटलाची ओढ कमी पडते. शिवाय अडकलेल्या हवेचा दाब ओलांडल्याशिवाय नवा श्वास आत येतच नाही. त्यामुळे रुग्णाला प्रत्येक श्वास ओझे उचलल्यासारखा घ्यावा लागतो. एरवी तो हे कसेबसे निभावतो. परंतु छातीत संसर्ग झाला की स्नायू थकतात, श्वास उथळ व जलद होतो आणि कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकला जात नाही. रोहिणीतील रक्तात या वायूचा अंशदाब स्वस्थ माणसात ३५ ते ४५ मिमी. पारा इतका असतो. तो एकाएकी वाढला की रक्त अम्लीय होते, म्हणजे त्याचे पीएच मूल्य ७·३५ च्या खाली जाते. रुग्ण प्रथम गोंधळतो, मग गुंगीत जातो आणि अखेर त्याचा श्वास थांबतो. अशा रुग्णाला केवळ ऑक्सिजन देऊन भागत नाही. थकलेल्या भात्याला हात द्यावा लागतो.

हात देण्याचे पहिले प्रयत्न बाहेरून झाले. शरीर एका बंद पेटीत ठेवून फक्त डोके बाहेर काढावयाचे व पेटीतील हवा ओढून घ्यावयाची. म्हणजे छाती आपोआप फुलते आणि हवा नाकातोंडावाटे आत शिरते. या ऋणदाबाच्या तत्त्वावर स्कॉटलंडमधील जॉन डॅल्झिएल यांनी १८३० च्या दशकात आणि पॅरिसमधील यूझेन व्वाये (१८११–८२) यांनी १८७६ मध्ये हाताने चालविण्याच्या पेट्या बनविल्या. त्यांचा प्रसार झाला नाही. अमेरिकेतील हार्व्हर्ड विद्यापीठात फिलिप ड्रिंकर (१८९४–१९७२) आणि लुई ॲगासी शॉ यांनी विजेवर चालणारी पेटी तयार केली आणि ऑक्टोबर १९२८ मध्ये बॉस्टन येथे बालपक्षाघाताने श्वास थांबू लागलेल्या एका आठ वर्षांच्या मुलीवर ती प्रथम वापरली. मुलगी काही मिनिटांतच शुद्धीवर आली, मात्र काही दिवसांनी दगावली. हेच पुढे ‘लोहफुप्फुस’ म्हणून प्रसिद्ध झाले. ड्रिंकरांच्या पहिल्या यंत्राला हवा खेळविण्यासाठी घरगुती व्हॅक्यूम क्लीनरचे पंप जोडले होते. या घरगुती वस्तूची गाठ पुढेही पडणार आहे. जॉन हेवन एमर्सन (१९०६–९७) यांनी १९३१ मध्ये स्वस्त व हलके लोहफुप्फुस बनविले. ऑस्ट्रेलियात एडवर्ड बोथ (१९०८–८७) यांनी लाकडी पेटी तयार केली आणि मोटार-उद्योगपती लॉर्ड नफील्ड यांनी ती ब्रिटिश साम्राज्यातील रुग्णालयांना विनामूल्य देऊ केली. मात्र ही सर्व यंत्रे बालपक्षाघातासाठी होती. त्या रोगात फुप्फुस निरोगी असते, फक्त स्नायू लुळे पडतात. फुगलेल्या छातीच्या वृद्ध रुग्णाला पेटीत उताणे निजविणे हीच शिक्षा होती. तरीही इटलीत फ्लॉरेन्स येथील वैद्यांनी अशा रुग्णांसाठी लोहफुप्फुसाचा वापर १९९० च्या दशकापर्यंत चालू ठेवला आणि त्यांना काही प्रमाणात यशही आले.

मुखवट्यातून धनदाब देण्याची कल्पनाही याच काळातील आहे. लंडन येथील ई. पी. पूल्टन यांनी १९३६ मध्ये हृदयविकाराने फुप्फुसांत पाणी साठलेल्या रुग्णांना मुखवट्यातून दाबाखाली हवा दिली. ती पुरविण्यास व्हॅक्यूम क्लीनरच वापरला होता. न्यूयॉर्क येथील ॲल्व्हन बॅरॅक (१८९५–१९७७) यांनी त्याच दशकात मुखवट्यातील सततच्या दाबाचा पद्धतशीर अभ्यास केला. म्हणजे पंप होता, मुखवटा होता, तत्त्वही माहीत होते. मग ही पद्धत त्याच वेळी का रुजली नाही? याचे एक कारण असे की, रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड रुग्णाच्या खाटेपाशी झटपट मोजण्याचे साधन नव्हते. कोणता रुग्ण ऑक्सिजनअभावी तळमळत आहे आणि कोणाचा भाता थकला आहे हे ओळखताच येत नव्हते.

ही उणीव किती जीवघेणी होती ते १९५२ मध्ये कोपनहेगन येथे दिसून आले. त्या उन्हाळ्यात तेथे बालपक्षाघाताची प्रचंड साथ आली. ब्लेगडाम या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात एक लोहफुप्फुस व छातीवर बसविण्याची सहा कवचयंत्रे एवढीच सामग्री होती. पहिल्या तीन आठवड्यांत श्वसनयंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. मृत्यूपूर्वी त्यांच्या रक्तात बायकार्बोनेटाचे प्रमाण वाढलेले आढळे व त्याचा अर्थ ‘अनाकलनीय अल्कतावाढ’ असा लावला जात असे. प्रमुख वैद्य हेन्री लासेन यांनी बोलावून घेतलेले भूलतज्ञ ब्यर्न इब्सेन (१९१५–२००७) यांनी हे निदान उलटे केले. रुग्ण साठलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडाने मरत आहेत, म्हणजे त्यांना पुरेसा श्वास मिळत नाही, असे त्यांनी प्रतिपादन केले. २७ ऑगस्ट १९५२ रोजी त्यांनी एका १२ वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसविली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला वाचविले. त्यानंतर सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, रात्रंदिवस, महिनोन्‌महिने पिशव्या दाबल्या. पूर्वी सु. ८७ टक्के असलेला मृत्यूचा आकडा सु. एक-चतुर्थांशापर्यंत खाली आला. अतिदक्षता विभागाची सुरुवात या घटनेपासून मानतात आणि ते योग्यच आहे. परंतु तिचे दुसरे फळ अधिक टिकाऊ ठरले. पोल आस्ट्रुप यांनी साथीच्या काळातच रक्ताचे पीएच मूल्य मोजण्याची रीत रुग्णसेवेत आणली. त्याच दशकात कार्बन डाय-ऑक्साइड व ऑक्सिजन मोजणारी विद्युत्‌ अग्रे तयार झाली आणि ‘रक्तवायू तपासणी’ ही नेहमीची गोष्ट झाली.

मोजमाप हाती येताच चिरकारी फुप्फुसविकारातील एक जुना घातक प्रकार उघडकीस आला. धाप लागलेल्या रुग्णाला मुक्तहस्ते ऑक्सिजन दिला की त्याचा चेहरा गुलाबी होई, नातेवाइकांना हायसे वाटे, आणि काही तासांत तो गुंगीत जाऊन दगावे. अशा रुग्णात ऑक्सिजनाच्या अतिरेकाने कार्बन डाय-ऑक्साइड आणखी साठतो. मोरान कॅम्बेल (१९२५–२००४) यांनी १९६० मध्ये ठराविक व अल्प प्रमाणातच ऑक्सिजन देणारा मुखवटा सुचविला आणि ‘नियंत्रित ऑक्सिजन’ हे सूत्र मांडले. हे सूत्र कागदावर लवकर मान्य झाले. व्यवहारात मात्र नाही. टास्मानियात ४०५ रुग्णांवर केलेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रुग्णवाहिकेतच ऑक्सिजन बेताने दिलेल्यांत ४ टक्के, तर भरपूर दिलेल्यांत ९ टक्के मृत्यू झाले. कॅम्बेलांच्या लेखाला तेव्हा पन्नास वर्षे होऊन गेली होती.

बेताचा ऑक्सिजन देऊनही जो सावरत नसे त्याच्यापुढे १९६० नंतर एकच मार्ग उरे : श्वासनालात नळी आणि धनदाबाचे यंत्र. त्याने जीव वाचत असे, पण त्याची किंमत मोठी होती. रुग्णाला गुंगीत ठेवावे लागे. त्याचे बोलणे, खाणे, खोकणे बंद होई. नळीवाटे जंतू फुप्फुसात उतरत. आणि आधीच दुबळ्या स्नायूंचा रुग्ण आठवडेच्या आठवडे यंत्रावरून सुटत नसे. म्हणून ‘या म्हाताऱ्याला नळी घालावी की नाही’ हा प्रश्न अनेक रुग्णालयांत बहुधा नकारार्थीच सुटत असे. तो वैद्यकीय इतकाच नैतिकही होता आणि रुग्ण स्वतः उत्तर देण्याच्या स्थितीत नसे.

मधल्या काळात मुखवट्याचा एक उपयोग फार बोकाळला. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या वैमानिकांसाठी बनविलेल्या झडपांवरून रे बेनेट आणि फॉरेस्ट बर्ड (१९२१–२०१५) यांनी श्वासागणिक दाब देणारी छोटी यंत्रे तयार केली. हर्ली मॉट्ली, आंद्रे कूर्नां प्रभृतींनी १९४७ मध्ये त्यांचा रुग्णसेवेतील उपयोग वर्णिला. पुढील तीस वर्षे अमेरिकेत दिवसातून काही वेळ तोंडात नळकांडे धरून या यंत्राने श्वास घेण्याचा उपचार अगणित रुग्णांना देण्यात आला. ९८५ रुग्णांच्या राष्ट्रीय चाचणीचा निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा औषधाचा फवारा देणाऱ्या साध्या नेब्युलायझरहून त्याचा काहीही अधिक लाभ नाही असे दिसले. स्थिर प्रकृतीच्या रुग्णाला, जागेपणी, थोडा वेळ दाब देऊन उपयोग होत नाही हा त्याचा खरा अर्थ होता. मुखवटा व दाब यांचाच काही उपयोग नाही, असा अर्थ काहींनी लावला. तो घाईचा होता.

नवे वळण झोपेच्या अभ्यासातून मिळाले. सिडनी येथील कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये झोपेत घसा मिटून श्वास अडणाऱ्या पाच रुग्णांना नाकावरील मुखवट्यातून सतत दाब देऊन रात्रभर शांत झोपविले. त्यांचे पहिले यंत्रही व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरीवरच बेतले होते. रुग्ण रात्रभर मुखवटा सहन करतो ही गोष्ट त्यामुळे प्रथम सिद्ध झाली. फ्रान्समधील प्वातिए येथे ईव्ह रिदो यांनी स्नायुक्षयाच्या मुलांना नाकावाटे श्वसनसाहाय्य दिले. १९८७–८८ च्या सुमारास सिडनी व लंडन येथूनही असेच अहवाल आले. श्वास घेताना अधिक व सोडताना कमी असे दोन पातळ्यांवर दाब देणारी सुटसुटीत यंत्रे त्याच दशकाच्या अखेरीस बाजारात आली. वर वर्णिलेल्या विकृतीशी ही रचना नेमकी जुळते : सोडतानाचा अल्प दाब (सु. ४–५ सेंमी. पाणी) अडकलेल्या हवेच्या दाबाला तोलून धरतो, तर घेतानाचा अधिक दाब स्नायूंचे काम वाटून घेतो.

तीव्र अवस्थेतील रुग्णांवर मुखवटा वापरल्याचा अंबेर्तो मेदूरी यांचा अमेरिकेतील अहवाल १९८९ मध्ये, तर पॅरिसजवळच्या क्रेतेय येथील लॉराँ ब्रोशार यांचा अहवाल १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनमधील ६० रुग्णांच्या चाचणीत (१९९३) नेहमीचा उपचार घेतलेल्या ३० पैकी ९, तर मुखवटा लावलेल्या ३० पैकी ३ रुग्ण महिन्याभरात दगावले. संख्या लहान असल्यामुळे शंकेला जागा राहिली. ती बव्हंशी दूर केली ब्रोशार यांच्या १९९५ च्या चाचणीने. तीत यूरोपातील पाच रुग्णालयांतील ८५ रुग्ण होते. नेहमीचा उपचार घेतलेल्यांपैकी ७४ टक्क्यांना नळी घालावी लागली, मुखवटा लावलेल्यांपैकी २६ टक्क्यांना. मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे २९ व ९ टक्के होते आणि गुंतागुंतीचे ४८ व १६ टक्के. ज्यांना अखेर नळी घालावी लागली त्यांचे भवितव्य दोन्ही गटांत सारखेच होते. यावरून हे उघड झाले की, मुखवट्याने वाचविलेला जीव हा मुख्यतः नळी टाळल्यामुळे वाचलेला जीव होता. त्याच वेळी एक मर्यादाही नोंदविली पाहिजे : तपासलेल्या २७५ रुग्णांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून कमीच या चाचणीस पात्र ठरले. सर्वच धापेवर हा उपाय नव्हता.

ही सर्व कामगिरी मुख्यतः अतिदक्षता विभागांतील होती. जेथे अशा खाटा मोजक्या, तेथे तिचा उपयोग काय? या प्रश्नाला पॉल प्लांट, ओवेन व मार्क एलियट यांनी ब्रिटनमधील १४ रुग्णालयांच्या साध्या कक्षांत २३६ रुग्णांवर केलेल्या चाचणीने (२०००) उत्तर दिले. यंत्र साधे होते, नियम एका कागदावर मावणारे होते आणि उपचार परिचारिकांनी दिला. मृत्यूचे प्रमाण २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले. मात्र पीएच मूल्य ७·३० च्या खाली गेलेल्या रुग्णांना साध्या कक्षात तितका लाभ झाला नाही; त्यांच्यासाठी अधिक देखरेखीची जागा लागते. प्रस्तुत लेखकाच्या मते, या विषयातील सर्वांत मोलाचे काम हेच. त्याने उपचार तज्ञांच्या मक्तेदारीतून सोडविला आणि त्याची सीमाही त्याच लेखात आखून दिली. पीएच ७·३५ किंवा त्याहून कमी व कार्बन डाय-ऑक्साइड वाढलेला असल्यास मुखवटा लावावा, ही शिफारस यूरोप व अमेरिकेच्या श्वसनरोगतज्ञ संघटनांनी २०१७ मध्ये संयुक्तपणे केली.

घरी, दररोज रात्री, वर्षानुवर्षे मुखवटा लावण्याचा इतिहास मात्र बराच काळ निराशेचा होता. अंगाभोवती अंगरख्यासारखे वेष्टन बांधून ऋणदाब देण्याची कॅनडातील १८४ रुग्णांची चाचणी (१९९२) निष्फळ ठरली. मुखवट्याच्या सुरुवातीच्या चाचण्यांतही आयुर्मान ठळकपणे वाढल्याचे दिसेना. या चाचण्यांत दाब सामान्यतः सौम्य ठेवला जाई, कारण रुग्णाला तेवढाच सोसेल अशी समजूत होती. परिणामी कार्बन डाय-ऑक्साइड फारसा उतरत नसे. व्होल्फ्राम विंडिश इ. जर्मन वैद्यांनी क्रम उलटा केला : आधी हा वायू किती उतरवावयाचा ते ठरवावयाचे आणि त्यासाठी लागेल तितका दाब हळूहळू चढवावयाचा. या धोरणाने जर्मनी व ऑस्ट्रियातील १९५ स्थिर रुग्णांवर केलेल्या चाचणीत (२०१४) एका वर्षातील मृत्यू ३३ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, २०१ रुग्णांच्या डच चाचणीत मात्र लाभ दिसला नाही. तिच्यातील रुग्ण तीव्र आजारातून नुकतेच उठलेले होते आणि त्यांपैकी काहींचा कार्बन डाय-ऑक्साइड यंत्राविनाही आपोआप उतरला. म्हणून ब्रिटनमधील पुढच्या चाचणीत (२०१७) रुग्णालयातून सुटल्यावर दोन ते चार आठवडे थांबून, त्यानंतरही ५३ मिमी.च्या वर राहिलेलेच ११६ रुग्ण घेतले. वर्षभरात पुन्हा रुग्णालयात यावे लागणे किंवा मृत्यू येणे हे केवळ ऑक्सिजन घेणाऱ्यांत ८०·४ टक्के, तर ऑक्सिजनाबरोबर मुखवटा वापरणाऱ्यांत ६३·४ टक्के आढळले.

भारतात या रोगाचे कारण केवळ तंबाखू व विडी नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये लिहिलेल्या आढाव्याने धूम्रपान न करणाऱ्यांतील या विकाराकडे जगाचे लक्ष वेधले. लाकूड, गोवऱ्या, काटक्या यांच्या धुरात आयुष्य काढलेल्या स्त्रिया त्यात मोठ्या संख्येने येतात. भारतीय अतिदक्षता वैद्यक संस्थेने २००६ मध्ये अनाक्रमक श्वसनसाहाय्याची मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली व २०२० मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती काढली. यंत्राची किंमत, वीजपुरवठा, नाकाच्या दांड्यावर जखम होऊ न देता मुखवटा नीट बसविणारी परिचारिका आणि पहिल्या एक-दोन तासांत रुग्णाजवळ थांबण्याइतके मनुष्यबळ, या येथील खऱ्या अडचणी आहेत. त्या पहिल्या तासांत रुग्ण घाबरून मुखवटा ओढून काढतो. त्याच्याशी बोलत राहणारे कोणी असेल तर बहुधा तो सावरतो. गुंगी फार वाढलेली, सतत उलट्या होत असलेल्या किंवा कफ बाहेर टाकता न येणाऱ्या रुग्णाला मुखवटा धोक्याचा ठरतो व तेथे नळीस पर्याय राहत नाही. दोन तासांत पीएच मूल्य सुधारत नसेल तर हट्ट न धरता पुढील निर्णय घ्यावा लागतो, कारण नळीला झालेला उशीरही जिवावर बेततो.

कोविड-१९ च्या साथीत (२०२०–२१) ‘बायपॅप’ हा शब्द महाराष्ट्रात वृत्तपत्रांतून घरोघर पोहोचला. त्या रोगात फुप्फुसाच्या ऊतकाला सूज येऊन मुख्यतः ऑक्सिजन कमी पडतो. येथे वर्णिलेला, भाता थकल्याने होणारा ऱ्हास त्याहून वेगळा आहे. बोटाला लावावयाचे ऑक्सिमापक त्याच काळात अनेक घरांत आले. ते ऑक्सिजनाची टक्केवारी दाखविते, कार्बन डाय-ऑक्साइड दाखवीत नाही. ऑक्सिजनवर ठेवलेल्या जुनाट फुप्फुसविकाराच्या रुग्णात हा आकडा उत्तम असतानाही गुंगी वाढत असू शकते, आणि ती ओळखण्यास मनगटातील रोहिणीचे रक्तच तपासावे लागते.